जिवाणूच्या हातातलं ओलं पोतं

काटोलपासून थोडं आत मामाची संत्र्याची बाग आहे. तिथल्या एका ओळीला घरात सगळे 'दुखणाईत ओळ' म्हणतात. बारा-चौदा झाडं असतील. शेंडे पिवळट, पालवी विरळ, फळं लिंबाएवढी आणि एका अंगाला कलंडलेली. मामाचं निदान कधीचंच ठरलेलं होतं, "जस्त कमी पडलं असंन, दुसरं काय!" दोन हंगाम झिंक सल्फेट मारून झालं. खर्च झाला, ओळ जिथल्या तिथे.

गेल्या खेपेला मी तिथलं एक पान तोडलं, मधल्या शिरेवर वहीसारखं मिटलं आणि उन्हात धरून दोन्ही बाजू ताडून पाहिल्या. जस्त कमी असेल तर पिवळेपणा शिस्तीत येतो. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी आणि दोन्ही अंगांना जवळपास सारखीच नक्षी. या पानाची डावी बाजू उजवीशी जुळेचना. डावीकडे एक मोठा पिवळा डाग शिरा ओलांडून पसरलेला, उजवीकडे नेमक्या त्याच जागी पान हिरवंगार. मग एक फळ उभं चिरलं. आतला गाभा वाकडा, बिया चिमलेल्या आणि तपकिरी. रंगही उलटा चढलेला. संत्र्याचा रंग एरवी बुडाकडून बदलत जातो. इथे देठाकडची बाजू नारिंगी झाली होती आणि बूड हिरवंच होतं.

ही ग्रीनिंग या जिवाणूमुळे होणाऱ्या रोगाची लक्षणं. फळ हिरवं राहतं म्हणून ते नाव. एक साधी घरगुती पडताळणीही करता येते. पानाचा पृष्ठभाग सँडपेपरने घासायचा, तो भुगा चमचाभर पाण्यात घ्यायचा आणि आयोडीनचे थेंब टाकायचे. रोगट पानात स्टार्च साचलेला असतो, त्यामुळे पाणी काळपट निळं होतं. अर्थात हा नुसता संशय पक्का करण्याचा मार्ग. खात्री हवी तर प्रयोगशाळेत पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणीच करावी लागते. आमच्या ओळीतल्या पानांचा पीसीआर अहवाल 'आहे' असाच आला.

स्टार्च का साचतो, यात रोगाचं अर्धं गुपित आहे. झाडात दोन तऱ्हेच्या नळ्या असतात. जलवाहिन्या मुळांकडून पाणी वर नेतात आणि रसवाहिन्या पानांत तयार झालेली साखर मुळांना, फळांना पोचवतात. ग्रीनिंगचा जिवाणू या रसवाहिन्यांत राहतो, झाडात दुसरीकडे कुठे नाही. त्या चोंदल्या की साखर पानातच अडकते आणि तिचा स्टार्च होतो. पान जाड, ताठ होतं, आणि खाली मुळं उपाशी मरतात. आपण जस्त देत राहतो, पण खाली काही उचलून घ्यायला मुळंच धड उरलेली नसतात.

या जिवाणूचं नाव 'कॅन्डिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस'. 'कॅन्डिडेटस' म्हणजे उमेदवार. प्रयोगशाळेच्या बशीत तो अजून नीट वाढवता आलेला नाही, म्हणून नावातही तो कायमचा उमेदवारच. एका झाडावरून दुसऱ्यावर त्याला नेतो तो सायला, कोवळ्या पालवीवर बूड वर करून तिरकस बसणारा इवलासा किडा. भारतात हा रोग सायलाच पसरवतो हे कपूर आणि त्यांच्या पुण्यातल्या सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवून दिलं. रोगट झाडाचे डोळे (कोंब) भरून बांधलेल्या कलमांतूनही हा रोग जातो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात तो २००५ साली सापडला. त्याआधी, २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघत. २०२२-२३ मध्ये त्या दोन कोटींच्याही आत आल्या. वादळांनीही हात धुऊन घेतले, पण मोठा घाव ग्रीनिंगचाच.

आता मुद्द्याकडे येतो. झाडाला आपल्यासारखं रक्त नाही आणि धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशीही नाहीत. जिवाणू आत शिरला की ज्या पेशीला तो जाणवतो, तिलाच तिथल्या तिथे लढावं लागतं. आणि तिचं पहिलं हत्यार असतं प्राणवायू. हवेतला साधा प्राणवायू घेऊन पेशी त्याला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटवते. त्यातून 'सुपरऑक्साइड' तयार होतं, त्यातून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याला जिवाणूच्या आतलं लोह भेटलं की त्याहून जहाल 'हायड्रॉक्सिल' कण निघतात. ते डीएनए, प्रथिनं, पेशीचं स्निग्ध आवरण, जे समोर येईल ते पोळून काढतात.

हे समजायला आपल्याकडचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, आठवा. उन्हाळ्यात धुऱ्यावरचं वाळलेलं गवत, काटेरी झुडपं पेटवतात. सोबत साप-विंचवांची बिळंही भाजून निघतात. झाडाची पेशी तेच करते, शत्रू बसला आहे त्या जागेला आग लावते. ज्यांनी धुरा पेटवला आहे त्यांना पुढचंही ठाऊक असतं. वारा फिरला की शेजारची गव्हाची गंजी जायला वेळ लागत नाही. म्हणून पेटवणाऱ्याच्या हातात आगकाडीसोबत एक ओलं पोतंही असतं. तो वाऱ्याचा मुद्दा जरा बाजूला ठेवू, लेखात पुढे तोच आपल्याला अडचणीत आणणार आहे.

ओलं पोतं जिवाणूकडेही असतं. या पोत्याचं नाव अँटीऑक्सिडंट विकरं (एन्झाइम), म्हणजे पेटलेला प्राणवायू विझवणारी प्रथिनं. रसाच्या डब्यावर 'अँटीऑक्सिडंटयुक्त' असं मोठ्या अक्षरात छापतात, त्यामुळे हा शब्द आपल्या कानाला नेहमी पुण्यवानच वाटतो. पण विझवणं चांगलं की वाईट, हे कोणाची आग कोण विझवतोय यावर आहे. झाडाने लावलेली आग जिवाणूने विझवली तर झाडाचा जीव जातो.

यातलं एक विकर तुम्ही घरी पाहिलेलं आहे. खरचटलेल्या गुडघ्यावर मेडिकलमधून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की पांढरा फेस येतो. तो फेस म्हणजे 'कॅटॅलेज' नावाच्या विकराचं काम. ते पेरॉक्साइडचं पाणी करतं आणि प्राणवायू मोकळा सोडतं, त्याचेच बुडबुडे. चिरलेल्या बटाट्याच्या फोडीवर टाकून पाहा, तिथेही फेसाळतं. कॅटॅलेजचा एक रेणू सेकंदाला लाखो पेरॉक्साइड रेणू निकामी करतो. जिवाणूकडे हे आहे, आपल्याकडे आहे आणि झाडाकडेही आहे. मुख्य अडचण इथेच सुरू होते.

खैऱ्या रोगाच्या जिवाणूचं उदाहरण घेऊ. कागदी लिंबाच्या पानांवर, काड्यांवर, फळांवर खरबरीत तपकिरी फोड येतात आणि भोवती पिवळं वलय. आपला नागपुरी संत्रा या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतो, लिंबूवाले मात्र दर पावसाळ्यात हैराण असतात. थेंबांच्या शिंतोड्यांबरोबर जिवाणू उडतो आणि पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून किंवा नागअळीने पोखरलेल्या जागेतून आत घुसतो. त्याचं नाव झँथोमोनास सिट्री. अर्जेंटिनातल्या रोझारिओ शहरातल्या संशोधकांनी त्याच्यातलं 'कॅटई' नावाचं एक कॅटॅलेज काढून टाकलं. बाकी जिवाणू जसाच्या तसा, फक्त एक पोतं कमी. हा काटछाट केलेला जिवाणू पानात कमी तगला आणि रोगही कमी करू शकला. २०१० साली हे छापून आलं. जिवाणूला मारायला वेगळं विष लागलं नाही. त्याच्या हातातली एक वस्तू काढून घेतली आणि उरलेलं काम झाडाने केलं.

नागपूरचा धागा इथे जुळतो. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, १९८५ पासूनची. शेतकरी तिला अजून 'एनआरसीसी' म्हणतात, नाव बदलून बरीच वर्षं झाली तरी. या संस्थेतल्या आणि आयआयटी रुरकीतल्या शास्त्रज्ञांनी मिळून २०१७ साली ग्रीनिंगच्या जिवाणूमधल्या अशाच एका विकराचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते विकर 'पेरॉक्सिरेडॉक्सिन' कुळातलं. जिवाणू बशीत वाढत नाही, मग त्याचं प्रथिन मिळवायचं कुठून? तर त्याचं जनुक उचलून ई-कोलाय या पाळीव जिवाणूत टाकायचं आणि त्याच्याकडून ते बनवून घ्यायचं. असं बनवलेलं विकर पेरॉक्साइड मोडतं, पेरॉक्साइडने मरणाऱ्या पेशींना वाचवतं आणि डीएनएचंही रक्षण करतं, असं त्यांना दिसलं.

या विकराची करामत एका गंधकाच्या अणूत आहे. गंधक आपल्या बागायतदाराला परका नाही, भुरीवर आणि कोळ्यांवर तो ते नेहमी मारतो. इथे तो अणू सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाच्या टोकाला असतो, प्रथिनाच्या साखळीतला ४६ वा मणी. पेरॉक्साइड आलं की हे गंधक पुढे होऊन त्यातला जादा प्राणवायू स्वतःवर घेतं आणि पेरॉक्साइड शांत होतं. आता गंधकाचा हात अडकलेला. दुसरा कोणीतरी रेणू येऊन तो हात मोकळा करून देतो आणि मग ते पुन्हा कामाला लागतं. या कुळातल्या बऱ्याच विकरांकडे हात सोडवायला दुसरा सिस्टीन घरचाच असतो. या जिवाणूच्या विकराकडे तो नाही, त्याला बाहेरून मदत मागावी लागते. पेरॉक्साइडचा लोंढाच आला तर गंधकावर एक ऐवजी दोन-दोन प्राणवायू चढतात आणि तो हात कायमचा जायबंदी होतो.

फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये यात एक चक्रावणारी भर घातली. हे विकर जिवाणू स्वतःपुरतं ठेवत नाही. ते तो पेशीबाहेर सोडतो आणि झाडाचं संरक्षण तिथल्या तिथेही दाबतो, लांबवरही दाबतो. म्हणजे आपल्या अंगावर पोतं घेऊन बसण्याऐवजी हा पठ्ठ्या गावभर पाणी शिंपडत फिरतो. जेमतेम १२ लाख ३० हजार अक्षरांचा त्याचा जनुकसंच, ई-कोलायच्या साधारण पाव. नको ते सगळं त्याने टाकून दिलं, आणि हे मात्र जपून ठेवलं. माझ्या मते एखादी गोष्ट त्याच्या किती कामाची आहे, याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही.

मग हे विकर बंद पाडणारं औषध शोधायचं कसं? विकराचे स्फटिक बनवून त्यांवर क्ष-किरण टाकतात आणि त्यातून अणू कुठे कसे बसले आहेत याचा नकाशा काढतात. गंधक ज्या खोबणीत बसलेलं असतं ती खोबण नकाशावर दिसते. मग संगणकावर हजारो लहान रेणू त्या खोबणीत बसवून बघायचे, कोणता नीट चिकटतो ते. हे काम स्वस्त आहे, आणि म्हणूनच फसवंही. संगणकावर चिकटलेल्या शंभरांतले बहुतेक काचनळीत चिकटत नाहीत. काचनळीत जमले त्यांतले थोडेच जिवाणूच्या आत शिरतात. ग्रीनिंगचा जिवाणू तर बशीत वाढतही नाही, त्यामुळे त्याच्या एका निरुपद्रवी चुलतभावावर, लिबेरिबॅक्टर क्रेसन्सवर, प्रयोग करावे लागतात. तो पपईच्या नात्यातल्या एका झाडात सापडला आणि बशीत वाढतो. चुलतभावावर जमलं म्हणजे मूळ पुरुषावर जमेलच असं नाही, पण निदान सुरुवात करता येते.

आता मघाची अडचण. ही विकरं झाडाकडेही आहेत. जिवाणूचं पोतं ओढताना झाडाचंही ओढलं गेलं तर? ग्रीनिंगच्या जिवाणूतल्या या पेरॉक्सिरेडॉक्सिनचं एक नातलग खुद्द पानांच्या हरितलवकात काम करतं. त्यामुळे औषध इतकं नेमकं हवं की त्याला या दोघांतला फरक कळावा. या बाबतीत मला सर्वांत आशादायक वाटतं ते 'ओएचआर' नावाचं विकर. ते १९९८ साली झँथोमोनासमध्येच पहिल्यांदा ओळखलं गेलं. पुढे ब्राझीलच्या संत्र्यांना छळणाऱ्या झायलेला या जिवाणूतही त्याचा बारकाईने अभ्यास झाला. जुनं तेल खवट होतं ते का? स्निग्ध पदार्थावर प्राणवायू चढतो म्हणून. आगीत जिवाणूची स्वतःची चरबी अशीच खवट होऊ लागते, आणि ओएचआर ती खवट चरबी निस्तरतं. महत्त्वाचं म्हणजे हे विकर झाडांत नाही, माणसातही नाही. जे आपल्या घरात नाहीच, ते बंद पाडताना घरचं नुकसान होण्याची धास्ती कमी.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं कोणी म्हणेल. प्रतिजैविकं आहेत की! आहेत, आणि दुखणं तेच आहे. लिंबावरच्या खैऱ्यासाठी वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचं मिश्रण फवारलं गेलं. हीच कुळं माणसाच्या दवाखान्यातही लागतात, आणि बागेत निब्बर झालेले, औषधाला न जुमानणारे जिवाणू कुंपण ओळखत नाहीत. केंद्र सरकारने २०२१ च्या अखेरीस शेतीतल्या या मिश्रणावर बंदी आणण्याचा मसुदा काढला तो यासाठीच. पोतं काढून घेणारं औषध जिवाणूला थेट मारत नाही, त्यामुळे निब्बरपणा सावकाश येईल अशी अपेक्षा आहे. अपेक्षाच म्हणतो, कारण जिवाणूंनी अपेक्षाभंग करण्यात कसर ठेवलेली नाही. आणखी एक फायदा मला दिसतो. बोर्डो मिश्रणातलं तांबं जिवाणूच्या अंगात हीच आग भडकवतं. पोतं गेलं तर तेवढ्याच परिणामासाठी तांबं कमी लागावं, आणि वर्षानुवर्षं मातीत साचणारं तांबंही.

आणि आता तो वारा. फ्लोरिडा विद्यापीठातल्याच दुसऱ्या एका गटाने २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये मांडलं की ग्रीनिंगमध्ये झाडाचं नुकसान थेट जिवाणूपेक्षा झाडाच्या स्वतःच्या आगीनेच जास्त होतं. जिवाणू रसवाहिन्यांत वर्षानुवर्षं ठाण मांडतो, झाड वर्षानुवर्षं आग पेटती ठेवतं, आणि त्यात त्याच्याच रसवाहिन्यांच्या पेशी जळून जातात. धुरा पेटवला, साप बिळात तसाच, आणि गंजी मात्र खाक. त्या गटाने झाडांवर जिबरेलिन (वाढीचं संप्रेरक) आणि काही अँटीऑक्सिडंट फवारले तर पेशी कमी मेल्या, लक्षणं सौम्य झाली. म्हणजे एक वैद्य सांगतो आग विझू देऊ नका, दुसरा सांगतो आग आटोक्यात आणा.

दोघंही खरं बोलत असावेत, फरक वेळेचा आहे असं मला वाटतं. जिवाणू नुकताच शिरलेला, दोन-चार पेशींपुरता असताना त्याचं पोतं काढून घेतलं तर छोट्या जाळात तो निपटेल. झाडभर पसरल्यावर तेच केलं तर जाळ वाढवल्यासारखं होईल. त्यात ग्रीनिंगची लक्षणं दिसेपर्यंत महिने, कधी वर्षं जातात. आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेलाच असतो. खैऱ्याचं तसं नाही. तो एका फोडापुरता, पानाच्या एका जागेपुरता असतो, तिथली आग तिथेच राहते. म्हणून या वाटेने पहिलं कामाचं औषध आलं तर ते लिंबावरच्या खैऱ्यासाठी येईल, संत्र्यावरच्या ग्रीनिंगसाठी नंतर, असा माझा होरा आहे.

शिवाय औषध पोचवायचं कसं? खैऱ्याचा जिवाणू पानाच्या वरच्या थरात असतो, फवारणीला बऱ्यापैकी सापडतो. ग्रीनिंगचा बसतो आत, रसवाहिनीत. पानावरचा मेणचट थर फवारा आत जाऊ देत नाही. फ्लोरिडात २०२२ पासून खोडाला भोक पाडून ऑक्सिटेट्रासायक्लिन टोचतात. आपल्याकडे दर झाडाला भोक पाडत बसायला मजूर कोण देणार, आणि खोडाला जखम म्हटलं की आधी डिंक्याची, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगाची धास्ती.

हे सगळं मी मामाला ओट्यावर बसून सांगितलं, पोत्याच्या गोष्टीसकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग हे औषध दुकानात कधी येईन?" मी म्हटलं, आज तरी दुकानात असं काही नाही. आज जे आहे ते जुनंच आहे. पालवी फुटताना सायलावर लक्ष ठेवायचं, रोगट झाडं काढायची, आणि कलमा अशा ठिकाणच्या घ्यायच्या जिथे मातृवृक्ष तपासलेले आहेत आणि रोपं किडा न शिरणाऱ्या जाळीत वाढवलेली आहेत.

ओळ काढायला त्याला आणखी एक बहार लागला. फळ हातचं सोडवत नाही, लिंबाएवढं असलं तरी. पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही दोघं शेंदुर्जनाघाटला कलमा पाहायला गेलो. मामाने जंभेरीच्या खुंटावरच्या एका कलमेचं पान तोडलं, मधल्या शिरेवर मिटलं आणि उन्हात धरलं. दोन्ही बाजू जुळत होत्या. रोपवाटिकावाला खूश होऊन भाव सांगू लागला. मामाने पान खिशात टाकलं आणि मान वर करून उघड्या आभाळाकडे पाहिलं.

"जाळी कुठी हाय?"